३०० ग्रॅमचे विमान: फोमचे रेडिओ-नियंत्रित विमान कसे बांधावे आणि कसे उडवावे

रेडिओवर चालणारे विमान बनवायचे ठरले की बहुतेक जण आधी मोटर विकत आणतात. माझ्या मते पहिली खरेदी एका ग्रॅमपर्यंत वजन दाखवणाऱ्या, स्वयंपाकघरात वापरतात तशा डिजिटल काट्याची असावी. फोमचे विमान सुखाने उडेल की नाही, हे मोटरपेक्षा त्याच्या वजनावर जास्त अवलंबून असते. या लेखातील विमानाच्या पंखांचा विस्तार ९० सेंटिमीटर, पंखाची रुंदी २० सेंटिमीटर आणि बॅटरीसह वजन ३०० ग्रॅमच्या आत आहे. त्याला एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेला असणाऱ्या, विमान कलवणाऱ्या हलत्या पट्ट्या, नाहीत. मोटर, एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी आडव्या शेपटाची हलती पट्टी) आणि रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी उभ्या शेपटाची हलती पट्टी) अशी तीनच नियंत्रणे आहेत, आणि शिकाऊ माणसाचे पहिले विमान असेच असावे, असे मी आग्रहाने सांगेन.

वजनाचा हा आग्रह का, ते आकड्यांतून लगेच कळते. या पंखाचे क्षेत्रफळ १८ चौरस डेसिमीटर भरते, म्हणजे ३०० ग्रॅम वजनाला प्रत्येक चौरस डेसिमीटरवर सुमारे १७ ग्रॅम भार येतो. एवढ्या भाराला विमान ताशी साधारण २१ किलोमीटर वेगापर्यंत हवेत टिकते आणि वेग त्याखाली गेला की पंखाची उचल सुटते, ज्याला स्टॉल म्हणतात. तेच विमान ६०० ग्रॅमचे झाले तर हा किमान वेग ताशी ३० किलोमीटरच्या घरात जातो. हा फरक किरकोळ वाटेल. पण जमिनीवर आदळताना वजनही दुप्पट असते आणि वेगाचा वर्गही दुप्पट असतो, त्यामुळे फोमला सोसावी लागणारी ऊर्जा चौपट होते. शिवाय ५० मीटरचे अंतर हलके विमान साडेआठ सेकंदांत कापते, तर जड विमान सहा सेकंदांत. शिकणाऱ्याला चूक ओळखून ती सुधारायला जो अवधी लागतो, तो या अडीच सेकंदांतच असतो.

माझे पहिले विमान ४८० ग्रॅमचे झाले होते. प्रत्येक सांधा मजबूत हवा, या समजुतीने मी हॉट ग्लूच्या दोन अख्ख्या कांड्या वापरल्या होत्या आणि त्या दोन कांड्यांचेच वजन ३५ ग्रॅमच्या पुढे होते. ते विमान उडाले. पण मोटरचा जोर कमी केला की दगडासारखे खाली येई आणि प्रत्येक उतरणीत कुठे ना कुठे तुटे. त्याच आराखड्यावर पुढचे विमान मी २८५ ग्रॅममध्ये बसवले आणि पहिल्याच सकाळी त्याच्याबरोबर मला सहज वळणे घेता आली.

फोम आणि गोंद

युरोपात डेप्रॉन या नावाने ओळखला जाणारा फोम म्हणजे एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरिनचा पातळ पत्रा. तो मुळात घरांच्या भिंती आणि जमिनीखाली उष्णतारोधक थर म्हणून वापरला जातो. आपल्याकडे हौशी विमानांचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत ३ आणि ५ मिलिमीटर जाडीचे तशाच जातीचे पांढरे पत्रे मिळतात. बायोफोम या नावानेही ते विकले जातात. या विमानाला ५ मिलिमीटरचा पत्रा घ्यावा. नाव काहीही असले तरी फूटभर लांबी-रुंदीचा चौकोन कापून काट्यावर ठेवावा. तो २० ग्रॅमच्या आसपास भरला तर पत्रा उपयोगाचा आहे. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा सनबोर्ड दिसायला तसाच असतो. पण तो पीव्हीसीचा असल्याने कित्येक पटींनी जड असतो आणि त्याचे विमान करू नये. शाळेच्या प्रकल्पांसाठी वापरतात तो दाणेदार थर्माकोल हलका खरा, मात्र पातळ कापला की त्याचे दाणे सुटू लागतात.

गोंदाच्या बाबतीत एक नियम कधीही मोडू नये: नवा गोंद आधी फोमच्या टाकाऊ तुकड्यावर लावून पाहावा. सायनोअ‍ॅक्रिलेट जातीचा साधा झटपट गोंद आणि द्रावकयुक्त रबरी गोंद या फोमला खातात. लावलेल्या जागी क्षणात खड्डा पडतो. फोमसाठी खास बनवलेला यूएचयू पोरसारखा गोंद दोन्ही पृष्ठभागांवर अगदी पातळ पसरावा, पाच ते दहा मिनिटे वाळू द्यावा आणि मग तुकडे एकमेकांवर दाबावेत. मोटरच्या पाटीसाठी पाच मिनिटांत घट्ट होणारा इपॉक्सी वापरावा. हॉट ग्लू वापरायचाच असेल तर कमी तापमानाची बंदूक घ्यावी आणि सर्व्होसारख्या (एलिव्हेटर आणि रडर हलवणारी छोटी मोटर) एखाद्या जागी थेंब-दोन थेंबच लावावेत.

कापण्यासाठी कटरचे पाते कोरे असावे. बोथट पाते फोम कापत नाही, ओरबाडते, आणि मग कडा घासून सरळ करण्यात तासभर जातो. स्टीलची पट्टी दाबून धरावी आणि एकाच जोराच्या फटक्यात कापण्याऐवजी हलक्या हाताने दोन-तीनदा पाते फिरवावे. पत्रा दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या दिशेला तो कमी वाकतो ती दिशा पंखाच्या लांबीला धरावी.

पंख

सपाट फोमचा पंखही उडतो. पण त्याहून खूप चांगला वागणारा आणि बनवायला तितकाच सोपा पंख म्हणजे क्लाइन-फॉगलमन पंख. रिचर्ड क्लाइन आणि फ्लॉइड फॉगलमन या दोघा अमेरिकनांनी कागदी विमानावरून सुचलेल्या या पायरीदार पंखाचे पेटंट १९७२ मध्ये मिळवले. मोठ्या विमानांत तो रुजला नाही, फोमच्या लहान विमानांत मात्र त्याला कायमची जागा मिळाली. आपल्याला हवा तो प्रकार असा: ४५ सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद अशा खालच्या पत्र्यावर, पुढच्या कडेशी जुळवून, तेवढ्याच लांबीची १० सेंटिमीटर रुंद पट्टी चिकटवायची. अर्ध्या रुंदीवर एक पायरी तयार होते, पुढचा भाग जाड व ताठ होतो आणि स्टॉल अचानक न येता हळूहळू, आधी चाहूल देऊन येतो.

पट्टी चिकटवण्यापूर्वी खालच्या पत्र्यात पुढच्या कडेपासून ६ सेंटिमीटरवर उथळ खाच पाडून त्यात २ मिलिमीटर जाडीची, ४० सेंटिमीटर लांब कार्बनची सळई बसवावी. कार्बन मिळाला नाही तर पतंगाला किंवा आकाशकंदिलाला लावतात तशी बांबूची सरळ, गाठ नसलेली कामटी तासून घ्यावी. वजन थोडे वाढते, काम अडत नाही. पट्टी बसली की पुढची कड बारीक पॉलिश पेपरने गोल करावी.

असे दोन अर्धे पंख तयार झाले की ते मधोमध उथळ व्ही आकारात जोडायचे असतात. हा कोन या विमानाचा प्राण आहे. एलेरॉन नसल्यामुळे रडरने नाक वळवल्यावर विमान कलते ते या कोनामुळेच, आणि हातातल्या ट्रान्समीटरची स्टिक सोडल्यावर आपोआप सरळ होते तेही या कोनामुळेच. जोडणाऱ्या कडा किंचित तिरप्या घासाव्यात, एक अर्धा पंख टेबलावर वजन ठेवून सपाट दाबावा आणि दुसऱ्याचे टोक टेबलापासून बरोबर १० सेंटिमीटर उंच राहील असे पुस्तकांच्या थप्पीवर टेकवावे. सांध्यात ३ मिलिमीटर प्लायची १६ सेंटिमीटर लांब, १ सेंटिमीटर उंच व्ही आकाराची पट्टी खाच पाडून उभी बसवावी, इपॉक्सी लावावा आणि वाळल्यावर वर-खाली धागेदार चिकटपट्टी ओढून घ्यावी. या कामात घाई केली आणि एका पंखाला पीळ राहिला, तर विमान आयुष्यभर एका अंगाला ओढत राहते. म्हणून मागून, डोळ्याच्या रेषेत धरून दोन्ही पंखांच्या मागच्या कडा समांतर दिसतात का, ते इपॉक्सी ओला असतानाच पाहावे.

धड, शेपूट आणि जोडकाम

धड म्हणजे वरून झाकण असलेली, ८३ सेंटिमीटर लांब आणि पुढे ६ सेंटिमीटर उंच अशी फोमची पेटी. ती मागे निमुळती होत जाते. नाकापासून १८ सेंटिमीटरवर पंखाची पुढची कड येते, आणि पंखाच्या मागच्या कडेपासून ३५ सेंटिमीटर मागे शेपूट सुरू होते. आडवे शेपूट ३६ सेंटिमीटर लांब व १० सेंटिमीटर रुंद असावे आणि त्यातील मागचे ३ सेंटिमीटर हलते एलिव्हेटर असावे. उभे शेपूट साधारण १४ सेंटिमीटर उंच आणि १३ सेंटिमीटर रुंद पुरते. पंख धडाला चिकटवू नये. धडातून आरपार दोन कामट्या घालाव्यात आणि पंख रबर बँडने त्यांना बांधावा. विमान आदळले की रबर सरकतात, पंख सुटतो आणि मोडण्यापासून वाचतो.

हलत्या भागांची बिजागरी करण्यासाठी कडा ४५ अंशांत तासून वरून पारदर्शक चिकटपट्टी लावावी. पट्टी लावताना हलता भाग पूर्ण उलटा दुमडून दोन्ही कडा एकमेकींना भिडवाव्यात, म्हणजे मध्ये फट राहत नाही. जुन्या प्लास्टिक कार्डाचे त्रिकोणी तुकडे शिंग म्हणून, म्हणजे हलत्या भागावर तार अडकवायला, उत्तम चालतात. सर्व्होपासून शिंगापर्यंत १ मिलिमीटर जाडीची पियानो वायर न्यावी, आणि ती वाकू नये म्हणून बॉलपेनच्या रिकाम्या, धुतलेल्या रिफिलचे छोटे तुकडे धडाला चिकटवून त्यांतून ती ओवावी. सर्व्होला वीज देऊन तो मध्यावर आल्यावरच त्याचा हात बसवावा, नाहीतर एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त हालचाल मिळते. एलिव्हेटर वर-खाली १२ मिलिमीटर आणि रडर दोन्ही बाजूंना २० ते २५ मिलिमीटर हलले की पुरे.

मोटर आणि बॅटरी

सुमारे ३० ग्रॅमची, १४०० केव्हीच्या आसपासची ब्रशलेस मोटर, मोटरचा वेग नियंत्रित करणारा २० अँपिअरचा ईएससी, ९ ग्रॅमचे दोन सर्व्हो, २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर आणि दोन सेलची ८०० मिलिअँपिअर-तास क्षमतेची लिथियम पॉलिमर बॅटरी, एवढे साहित्य या विमानाला लागते. केव्ही म्हणजे एका व्होल्टमागे दर मिनिटाला मिळणारे बिनभाराचे फेरे, ७.४ व्होल्टवर ही मोटर मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या घरात जाते आणि ८ इंच व्यासाचा, ४ इंच पिचचा (एका फेऱ्यात पुढे सरकण्याचे अंतर) प्रोपेलर तिला साजतो. मोटर ३ मिलिमीटर प्लायच्या पाटीवर बसवावी आणि तिचे तोंड दोन-दोन अंश खाली व उजवीकडे ठेवावे, म्हणजे जोर वाढवल्यावर नाक वर किंवा डावीकडे खेचले जात नाही. ती उलटी फिरली तर तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करावी. घरातील सर्व चाचण्या प्रोपेलर काढूनच कराव्यात. यात अपवाद नाही, कारण आठ इंची प्रोपेलर बोटाचे हाड उघडे करू शकतो.

वजनाचा ताळेबंद असा बसतो: फोम ९५ ग्रॅम, बॅटरी ५०, मोटर ३०, ईएससी २०, सर्व्हो १८, रिसीव्हर १०, प्रोपेलर ५ आणि प्लाय, सळया, तारा, गोंद, चिकटपट्टी मिळून ४५. बेरीज २७३ ग्रॅम होते. प्रत्येक भाग बसवण्याआधी काट्यावर ठेवून आकडा वहीत लिहावा, म्हणजे जास्तीचे वजन नेमके कुठे शिरले ते सापडते.

बॅटरीच्या प्रत्येक सेलचा दाब भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो आणि उड्डाणानंतर तो ३.६ च्या खाली जाऊ देऊ नये. ती सेलनिहाय समतोल राखणाऱ्या चार्जरनेच, ०.८ अँपिअरवर, फरशीवर ठेवून आणि आपण समोर असतानाच भरावी. रात्री चार्जिंगला लावून झोपू नये. ट्रान्समीटरवर सहा मिनिटांचा टायमर लावला की बॅटरी सुरक्षित राहते. एकदोन आठवडे उडवायचे नसेल तर ती प्रत्येक सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवावी. मे महिन्यात विमान आणि बॅटरी उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ठेवू नयेत. फोमला पीळ पडतो आणि बॅटरी फुगते.

गुरुत्वमध्य आणि पहिली फेक

पंखाच्या पुढच्या कडेपासून ५.५ सेंटिमीटरवर, खालच्या बाजूला, दोन्हीकडे पेनाने खूण करावी. विमानाचा गुरुत्वमध्य, म्हणजे तोल साधण्याची जागा, तिथे यायला हवी. बॅटरीसह पूर्ण सजवलेले विमान त्या दोन खुणांवर बोटांच्या टोकांनी उचलले असता आडवे किंवा नाक किंचित खाली राहिले पाहिजे. राहत नसेल तर बॅटरी पुढे-मागे सरकवावी, नाकात शिसे किंवा नाणी भरू नयेत. शेपूट या खुणेपासून ५२ सेंटिमीटर मागे आहे आणि नाक साडेतेवीस सेंटिमीटर पुढे. म्हणजे शेपटावर १० ग्रॅम गोंद जादा लागला तर तो तोलायला नाकात २२ ग्रॅम घालावे लागतात आणि विमान एकूण ३२ ग्रॅमने जड होते. म्हणूनच शेपटाकडचे काम सर्वांत कंजूष हाताने करावे.

मग मोटर बंद ठेवून फेक करून पाहावी. गुडघाभर गवत असलेली जागा शोधावी आणि वाऱ्याकडे तोंड करावे. विमान गुरुत्वमध्याखाली धरावे, पंख आडवे ठेवावेत आणि नाक क्षितिजाच्या किंचित खाली ठेवून, भाला फेकतात तसे न फेकता, समोरच्या माणसाच्या हातात ताट सरकवावे तसे पुढे सोडावे. नीट साधलेले विमान आठ-दहा मीटर सरळ तरंगत जाते आणि गवतावर पोटावर टेकते. ते सुटल्यावर नाक वर करून थबकले आणि मग खाली कोसळले, तर बॅटरी अर्धा सेंटिमीटर पुढे घ्यावी. सरळ खाली घुसले तर एलिव्हेटर एक-दोन मिलिमीटर वर घ्यावे. थंडीतल्या एका सकाळी मी अशा तेवीस फेका केल्या होत्या, पँट गुडघ्यापर्यंत दवाने भिजली होती, आणि चोविसाव्या फेकीत विमान गवताच्या शेंड्यांवरून, एकाही अंगाला न कलता, हळू घसरत गेले. त्या दिवशी मोटर लावलीच नाही, तरी काम पूर्ण झाले होते.

जागा आणि नियम

भारतात ड्रोन नियम, २०२१ लागू आहेत. शिक्षण, संशोधन, चाचणी वा मनोरंजनासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या, २५ किलोपर्यंतच्या विमानांना त्यात ‘मॉडेल’ हा वेगळा वर्ग दिलेला आहे आणि त्यांना प्रकार-प्रमाणपत्राची गरज नाही. तरीही कुठे उडवावे याचे बंधन राहतेच. डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर आपली जागा हिरव्या क्षेत्रात येते का, ते आधी पाहावे. हिरव्या क्षेत्रात मर्यादा ४०० फुटांची आहे आणि विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांची. मुंबईत ड्रोन आणि रिमोटवर चालणाऱ्या हवाई साधनांवर पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात, त्यांची खात्री करून घ्यावी. विजेच्या तारा, रस्ता आणि गुरे यांपासून लांब असलेले, पीक काढून झालेले शेत सर्वांत चांगले. मालकाची परवानगी घ्यावी. संक्रांतीच्या दिवसांत मात्र पतंगांच्या मांजापासून जपावे, तो फोमचा पंख पात्यासारखा चिरतो.

उड्डाण

सूर्योदयानंतरचा पहिला तास निवडावा. उन्हे तापली की जमिनीवरून गरम हवेचे झोत उठू लागतात, आणि घारी पंख न हलवता घिरट्या घेताना दिसू लागल्या की शिकाऊ माणसाने विमान खाली घेतलेले बरे. वारा ताशी १० किलोमीटरपेक्षा कमी असावा.

आधी ट्रान्समीटर सुरू करावा, मग विमानाची बॅटरी जोडावी. थांबवताना क्रम उलटा. स्टिक आपल्याकडे ओढली की एलिव्हेटरची मागची कड वर गेली पाहिजे आणि स्टिक उजवीकडे नेली की रडर उजवीकडे वळले पाहिजे. ही तपासणी प्रत्येक उड्डाणापूर्वी, बोलून दाखवत करावी. रडरची तार रिसीव्हरच्या पहिल्या चॅनेलला लावावी, म्हणजे वळण आणि चढ-उतार दोन्ही उजव्या हाताच्या एकाच स्टिकवर येतात. ट्रान्समीटर बंद पडला तर मोटर थांबते का, हेही जमिनीवर पाहून घ्यावे.

पहिल्या वेळी फेकायला दुसरा माणूस असावा. मोटर पाऊण जोरावर न्यावी, त्याने वाऱ्याकडे तोंड करून विमान आडवे सोडावे, आणि आपण ते सरळ रेषेतच ३० मीटर उंचीपर्यंत चढू द्यावे. वर गेल्यावर जोर निम्म्यावर आणावा आणि ट्रिमने, म्हणजे ट्रान्समीटरवरच्या बारीक जुळवणीच्या बटणांनी, ते स्टिकला हात न लावता सरळ जाईल असे करावे. वळताना रडर थोडेसे द्यावे, विमान कलले की एलिव्हेटर किंचित ओढावे आणि वळण संपण्याआधीच स्टिक सोडावी. घाबरून दिलेले मोठे रडर विमानाला गिरक्या घेत खाली आणते. गोंधळ झाला तर जोर कमी करून स्टिक सोडून द्यावी. उंची असेल तर पंखांचा व्ही कोन विमानाला स्वतःच सावरतो, आणि नवशिक्याच्या हातांपेक्षा तो हे काम बहुतेक वेळा चांगले करतो.

विमान आपल्याकडे तोंड करून येते तेव्हा डावे-उजवे उलटे दिसते आणि बहुतेक विमाने याच क्षणी पडतात. त्यासाठी मनात एकच गोष्ट ठेवावी: ज्या बाजूचा पंख खाली गेलेला दिसतो, त्या बाजूला स्टिक न्यावी, जणू त्या पंखाला खालून टेकू द्यायचा आहे. पुरेशी उंची असताना मोटर बंद करून, एलिव्हेटर ओढत विमान स्टॉलपर्यंत नेऊन पाहावे. नाक कसे डुलते, नियंत्रणे कशी सैल पडतात, हे एकदा हातांना कळले की उतरताना ते उपयोगी पडते.

उतरताना वाऱ्याकडे तोंड करून लांबून यावे, मोटर हळूहळू बंद करावी आणि विमान स्वतःच्या वजनाने खाली येऊ द्यावे. जमीन गुडघाभर उरली की एलिव्हेटर हलकेच ओढावे, म्हणजे ते नाक उचलून गवतावर पोट टेकते. आदळणार हे नक्की झाले तर सर्वांत आधी मोटरचा जोर शून्यावर आणावा. फिरता प्रोपेलर अडकून मोटर आणि ईएससी जळण्यापेक्षा फोम तुटलेला परवडतो.

तुटलेला फोम घरी आणून, तुकडे स्वच्छ जुळवून, पातळ गोंद आणि एक पट्टी लावली की दुसऱ्या सकाळपर्यंत विमान तयार होते. नेण्याआधी ते पुन्हा काट्यावर ठेवून आकडा वहीत लिहावा आणि गुरुत्वमध्य पुन्हा तपासावा. दुरुस्त्यांचे वजन ३० ग्रॅमच्या पुढे गेले, की तो पंख किंवा ते शेपूट फोमच्या नव्या पत्र्यातून कापून घ्यावे.